हिरव्या रेषेची लांबी

गिरडची टेकडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना तेथल्या दगडांची कथा नव्याने सांगावयास नको. वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यात हे गाव आहे. टेकडीवर शेख फरीदबाबांचा दर्गा. हिंदू-मुसलमान दोघेही तेथे नवस फेडावयास जातात. या टेकडीवर लहान लहान गोलसर दगड सापडतात. दोन फिरत्या व्यापाऱ्यांनी बाबांची थट्टा केली, तेव्हा बाबांनी त्यांच्या साऱ्या मालाचे दगड करून टाकले, तेच हे दगड. व्यापारी रडकुंडीस आले. मग बाबांनीच वाळलेल्या पानांचा नवा माल करून त्यांच्यापुढे ठेवला. पण व्यापाऱ्यांचे मन आता मालावर राहिले नव्हते. ते बाबांच्या सेवेत राहिले आणि त्यांच्या कबरीही तेथेच आहेत, असे सांगतात. भूगर्भशास्त्राची मंडळी जरा कोरडी. त्यांचे म्हणणे असे की, दख्खनच्या काळ्या खडकात लाव्हा थिजताना वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या, त्या पोकळ्यांत पुढे झिओलाइट जातीची खनिजे साचली आणि भोवतालचा खडक झिजला की आतले गोळे सुटे होऊन उतारावर पडतात.

आपल्याला कोणतीही गोष्ट पटो, या दगडांबाबत एक मोठी सोय आहे: दगड उचलून हातात घेता येतो. फोडून पाहता येतो, आम्लात टाकता येतो, तापवता येतो. सूर्याबाबत ही सोय नाही. सूर्य कशाचा झाला आहे, हे विचारणाऱ्याच्या हाती सूर्याचा एक खडादेखील येत नाही. येतो तो केवळ प्रकाश; आणि प्रकाशाला वजन लावता येत नाही, फोडावयास हातोडी चालत नाही. त्याची एकच गोष्ट नेमकी मोजता येते, ती म्हणजे त्याच्या लाटेची लांबी.

ही लांबी मोजण्यात तीस वर्षे एक चूक चालत आली होती आणि ती चूक उघडी पडली ती आपल्या महाराष्ट्रात, एका शनिवारी भर दुपारी. दिवस होता २२ जानेवारी १८९८, शके १८१९ ची पौष अमावास्या. त्या दिवशी खग्रास सूर्यग्रहण होते. चंद्राची दाट सावली कोकणच्या किनाऱ्यावर विजयदुर्गाजवळ चढली, सह्याद्री ओलांडून सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरवरून गेली, वऱ्हाड कापून वर्धा नदीवर आली आणि पुलगाववरून पुढे ईशान्येस शहडोल, बक्सर करीत नेपाळकडे गेली. गिरड पुलगावपासून सरळ रेषेत ऐंशी-नव्वद किलोमीटर. नकाशावर सावलीचा पट्टा आखून पाहिला तर गिरड त्याच्या आग्नेयेस, थोडे बाहेर पडते. म्हणजे फरीदबाबांच्या टेकडीवर सूर्य पुरता झाकला गेला नाही, एक बारीक कोर तेवढी उरली. थोड्याशा गाडीरस्त्याचा तो फरक. पण पुलगावास रात्र पडली आणि गिरडला नुसती सावळी दुपार राहिली.

महाराष्ट्राची ती वेळ काही उत्सवाची नव्हती. आदल्याच वर्षी दुष्काळ झाला होता. मुंबई-पुण्यात प्लेगने घरे ओस पाडली होती. जून १८९७ मध्ये रँडचा वध झाला होता. आणि वेदकालाचा निर्णय नक्षत्रांवरून करणारे लोकमान्य टिळक राजद्रोहाच्या शिक्षेखाली तुरुंगात होते. ग्रहणाच्या त्या दुपारी टिळकांना आकाशाचा कितीसा तुकडा दिसला असेल, हा विचार मनात येतोच. अशा काळात आगगाडीने पेट्याच्या पेट्या उतरत होत्या. विजयदुर्गाच्या किल्ल्यात सर नॉर्मन लॉकियर आणि त्यांचे सहकारी फाउलर, मदतीला ‘मेल्पोमिनी’ या युद्धनौकेचे खलाशी. जेऊरला कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेचे कॅम्पबेल, जपानहून आलेली एक तुकडी आणि पुण्याच्या सायन्स कॉलेजातले कावसजी दादाभाई नायगमवाला. वर्धा नदीच्या अलीकडे तळणी स्टेशनावर ब्रिटिश हौशी ज्योतिर्विदांची मंडळी: त्यांत माँडर पतिपत्नी आणि जॉन एव्हर्शेड. नदीच्या पलीकडे पुलगावला केंब्रिजचे न्यूऑल आणि इंजिनियर पलटणीतले कॅप्टन हिल्स. एरवी कापसाच्या गाठी उतरवणाऱ्या या दोन स्टेशनांवर त्या आठवड्यात लोलक, भिंगे आणि फोटोच्या काचा उतरल्या.

हवा सगळीकडे स्वच्छ होती. खग्रास स्थिती होती सुमारे दोन मिनिटे.

या दोन मिनिटांत त्यांना काय पाहावयाचे होते ते समजण्यासाठी दिवाळीच्या फुलबाज्यांपासून सुरुवात करणे सोपे. हिरवी जळणारी फुलबाजी आपण पाहतो. तो हिरवा रंग तिच्यातल्या बेरियमचा. तांबडी स्ट्रॉन्शियमची. चुलीच्या जाळावर मिठाचे पाणी उतू गेले की ज्योत पिवळी होते, तो सोडियमचा रंग. असा प्रकाश एका बारीक फटीतून घेऊन लोलकातून पाहिला, तर इंद्रधनुष्याचा सलग पट्टा न दिसता ठरावीक ठिकाणी चकचकीत रेषा दिसतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा निराळ्या. १८५९ साली किरखोफ आणि बुन्सेन या जर्मन जोडीने ही गोष्ट पक्की केली आणि तेव्हापासून सूर्यावर कोणती द्रव्ये आहेत हे पृथ्वीवर बसून वाचता येऊ लागले.

पण रेष कोणती, हे सांगावयाचे कसे? ‘हिरव्या भागातली, जरा पिवळ्याकडची’ असे म्हणून भागत नाही. हिरव्या भागात शेकडो रेषा असतात. किरखोफने आपल्या नकाशावर एक पट्टी आखली आणि रेषांना त्या पट्टीवरचे आकडे दिले. हे आकडे म्हणजे त्याच्या उपकरणाची खूण. गावात नवख्याने ‘वडाच्या पुढचे तिसरे घर’ म्हणावे तसे. दुसऱ्याच्या लोलकात वड निराळ्या जागी. १८६८ साली स्वीडनच्या आँगस्ट्रॉमने सूर्याच्या वर्णपटाचा असा नकाशा प्रसिद्ध केला की, त्यात प्रत्येक रेषेपुढे तिच्या लाटेची लांबीच लिहिली. ही लांबी कोणाच्या लोलकावर अवलंबून नाही. त्याने घेतलेले माप म्हणजे एका सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग. त्याला पुढे त्याचेच नाव मिळाले. तांबड्या टोकाची लाट सुमारे ७,००० आँगस्ट्रॉम, जांभळ्या टोकाची ४,०००. हिरव्याच्या मधोमध ५,३०० च्या आसपास, म्हणजे एका मिलिमीटरात अशा सुमारे १,८८५ लाटा मावतात.

येथे लाटेची दुसरी बाजूही सांगून टाकली पाहिजे. पुलगावच्या फाटकाशी मालगाडीसाठी खोळंबलेला माणूस डोळ्यांपुढे आणावा. गाडीचा वेग ठरलेला आहे, समजा सेकंदाला दहा मीटर. डबा दहा मीटरचा असेल तर दर सेकंदाला एक डबा पुढून जाईल. डबे पाच-पाच मीटरचे असतील तर दोन जातील. वेग तोच, डबा जितका आखूड तितकी मोजणी जास्त. डब्याची लांबी आणि सेकंदाला जाणारे डबे यांचा गुणाकार केला की गाडीचा वेग येतो. प्रकाशाच्या सगळ्या गाड्या, तांबड्या असोत की जांभळ्या, निर्वात अवकाशात एकाच वेगाने धावतात: सेकंदाला सुमारे तीन लक्ष किलोमीटर. म्हणून डब्याची लांबी, म्हणजे तरंगलांबी, कळली की सेकंदाला किती लाटा येतात हे भागाकाराने कळते. या संख्येला कंपनसंख्या म्हणतात. शाळेच्या पुस्तकांत आता वारंवारता म्हणतात. तांबड्याची कंपनसंख्या सेकंदाला सुमारे ४३० लक्ष कोटी, जांभळ्याची ७५० लक्ष कोटी. लांबी वाढली की संख्या कमी, संख्या वाढली की लांबी कमी. आणि गुणाकार जागचा हलत नाही.

मग कोणीही विचारील की, एक कळले की दुसरे कळतेच, तर दोन नावे हवीत कशाला? कारण दोघांचा स्वभाव एक नाही. गाडी काचेत किंवा पाण्यात शिरली की मंदावते. डबे आखडतात, पण दर सेकंदाला जितके डबे शिरले तितकेच पुढे सरकले पाहिजेत, नाही तर दारातच गर्दी होईल. म्हणजे तरंगलांबी बदलते, कंपनसंख्या बदलत नाही. वेधशाळेत मोजलेली लांबी ही हवेतली लांबी असते. अवकाशात तीच लाट हजारात एका भागाच्याही पाव हिश्शाने का होईना, लांब असते. कंपनसंख्या मात्र सूर्यावर होती तीच फोटोच्या काचेवर येऊन पडते. खरे माहेरचे नाव कंपनसंख्या. तरंगलांबी हे ज्या घरी जावे त्या घरी थोडे बदलणारे सासरचे नाव. पण एकोणिसाव्या शतकातल्या माणसाला माहेरचे नाव विचारण्याची सोय नव्हती. सेकंदाला पाचशे लक्ष कोटी कंपने मोजील असे घड्याळ कोणापाशी होते? लांबी मात्र पट्टीने मोजता येत होती: काचेवर किंवा धातूच्या आरशावर हिऱ्याने मिलिमीटरभरात शेकडो रेघा ओढावयाच्या, त्यावरून प्रकाश किती कोनात वळतो ते पाहावयाचे आणि हिशेब करावयाचा. म्हणून साऱ्या ज्योतिर्विदांची भाषा लांबीची झाली.

आता आपल्या हिरव्या रेषेकडे येऊ. खग्रास ग्रहणात चंद्राच्या काळ्या तबकडीभोवती जे मोतिया तेज पसरलेले दिसते त्याला सूर्याचा किरीट म्हणतात. १८६९ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत ग्रहण झाले, तेव्हा यंग आणि हार्कनेस या दोघांनी किरीटाच्या प्रकाशात एकच हिरवी रेष चमकताना पाहिली. किरखोफच्या पट्टीवर ती १४७४ या आकड्याशी आली. आणि त्या आकड्याशी नकाशात लोखंडाची एक रेष होती, लांबी ५,३१७ आँगस्ट्रॉमच्या जरा आत. तेव्हापासून ती ‘१४७४ ची रेष’. लोखंडाच्या शेकडो रेषांपैकी एकटीच किरीटात का यावी, याचा उलगडा होत नव्हता. पण आकडा एकदा छापला गेला की त्याला वतनदारी मिळते. प्रत्येक ग्रहणात निरीक्षक हिरव्या भागात डोळा लावीत, १४७४ शी रेष पाहत आणि तसे लिहून ठेवीत. त्यांची फसगत व्हावयास कारणही होते. सूर्याच्या पृष्ठालगत जो तांबूस थर असतो त्यात लोखंडाची ती ५,३१७ ची रेष ग्रहणाच्या आरंभी-शेवटी खरोखरच चमकते. दोन शेजारणी एकाच वेळी दारात येत होत्या आणि पाहणारा त्यांना एकच समजत होता.

१८९८ साली विजयदुर्गला डोळ्याऐवजी काच होती. फाउलर यांनी भिंगापुढेच लोलक बसवून, मध्ये फट न ठेवता फोटो घेतले. या पद्धतीत प्रत्येक रंगात सूर्याच्या कडेचे स्वतंत्र चित्र उमटते: तांबूस थराच्या प्रकाशाच्या आखूड कमानी उमटतात, आणि किरीटाच्या प्रकाशाचे सबंध कडे. काचा धुऊन मोजल्या तेव्हा दिसले की, हिरवे कडे लोखंडाच्या कमानीच्या रांगेत नाहीच. ते तिच्या शेजारी, जांभळ्याच्या बाजूला सरकलेले आहे. लांबी आली ५,३०३.७. जेऊरला कॅम्पबेल यांनी अनेक लोलकांच्या उपकरणाने तीच रेष निराळ्या रीतीने मोजली. त्यांची लांबी ५,३०३.२६. एक समुद्रकाठी, दुसरा भीमेच्या खोऱ्यात. दोघांची उपकरणे निराळी, माणसे निराळी आणि आकडा एकच. तीस वर्षांची १४७४ ची वतनदारी गेली.

फरक केवढा? मिलिमीटरभरात मावणाऱ्या लाटांच्या भाषेत बोलायचे तर पाच. १,८८१ ऐवजी १,८८६. पण एवढ्या फरकाने लोखंडाचा दावा निकालात निघाला, कारण ५,३०३ शी ना लोखंडाची रेष होती, ना दुसऱ्या कोणत्या ठाऊक द्रव्याची.

येथे थोडे थांबून विजयदुर्गाबद्दल एक खुलासा करणे मला आवश्यक वाटते. किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात आणि सांगतात की, १८६८ च्या ग्रहणात लॉकियरसाहेबांनी येथूनच हेलियम वायू शोधला. गावाला अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे, परंतु ती वर्षांची गल्लत आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात लॉकियर हिंदुस्थानात नव्हतेच. त्या दिवशी फ्रान्सचे जान्सेन आंध्रात गुंटूरला होते. आणि विख्यात हर्शेल घराण्यातले लेफ्टनंट जॉन हर्शेल पटवर्धनांच्या जमखिंडीस होते. ढगांच्या फटीतून का होईना, सूर्याच्या ज्वाळांतल्या चकचकीत रेषा तेथे दिसल्या. लॉकियर यांनी आपल्या रेषा पाहिल्या त्या दोन महिन्यांनी, २० ऑक्टोबरला, इंग्लंडात आणि ग्रहणावाचून. सूर्याच्या कडेच्या ज्वाळा ग्रहण नसतानाही पाहता येतात ही युक्ती जान्सेनप्रमाणे त्यांनाही साधली होती. तेथली पिवळी रेष सोडियमच्या दोन रेषांच्या, म्हणजे ५,८९० आणि ५,८९६ च्या, शेजारी पण वेगळी होती: ५,८७६. ती कोणत्याच ठाऊक द्रव्याची नाही, म्हणून सूर्याच्या ग्रीक नावावरून हेलियम. आणि १८९५ मध्ये रॅम्झे यांना तो वायू पृथ्वीवर सापडला. लॉकियर आपल्याकडे प्रथम आले ते १८७१ च्या ग्रहणासाठी, मलबार किनाऱ्यावरील बेकल येथे. विजयदुर्गचा त्यांचा मुक्काम १८९८ चा आणि ओट्यांची गोष्ट जुळते ती त्याच मुक्कामाशी. हेलियमचे श्रेय विजयदुर्गकडून काढून घेताना वाईट वाटत नाही, कारण हिरव्या रेषेचे श्रेय कोणी घेतलेलेच नाही. ते तेथे निर्विवाद आहे.

हेलियमच्या यशाने मात्र एक वाकडी सवय लावून ठेवली. अनोळखी पिवळ्या रेषेमागे नवे द्रव्य निघाले होते. मग अनोळखी हिरव्या रेषेमागेही नवेच द्रव्य असणार! त्याला ‘कोरोनियम’ नाव मिळाले. १८९८ पूर्वी या नावाला लोखंडाची अडचण होती, ती महाराष्ट्रातल्या मापांनी दूर केली. पुढे चाळीस वर्षे कोरोनियम पुस्तकांत राहिले. मेंडेलेएव्हच्या कोष्टकात त्याला जागा शोधण्याचे प्रयत्न झाले. कोष्टक भरत गेले, एकेक रिकामा चौकोन संपला, तरी कोरोनियमला बसावयास पाट मिळेना.

कोंडी फुटली ती लांबी सोडून कंपनसंख्येकडे वळल्यावर. हीच या साऱ्या कथेतली मला सर्वांत आवडणारी जागा आहे. हायड्रोजनच्या रेषा घ्या. अदृश्य जंबुपार भागात त्याची एक रेष आहे, लांबी सुमारे १,२१६. तांबड्या भागात एक आहे, ६,५६३. आणि जंबुपारात आणखी एक, सुमारे १,०२६. हे तीन आकडे कितीही उलटेसुलटे मांडा, त्यांचे नाते दिसत नाही. १,२१६ आणि ६,५६३ यांची बेरीज ७,७७९. तिचा कशाशी संबंध नाही. आता याच तिघींच्या कंपनसंख्या लिहा: २,४६६, ४५७ आणि २,९२३ लक्ष कोटी. पहिल्या दोहोंची बेरीज करा. बरोबर तिसरी! लांब्यांची बेरीज होत नाही, कंपनसंख्यांची होते. १९०८ साली रिट्झने हे दाखवले आणि १९१३ मध्ये नील्स बोर यांनी कारण सांगितले. अणूतले इलेक्ट्रॉन ठरावीक पायऱ्यांवर असतात. वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर उतरताना जेवढी ऊर्जा सुटते तेवढ्या प्रमाणात प्रकाशाची कंपनसंख्या असते. दोन पायऱ्या एका उडीत उतरा किंवा दोन उड्यांत, उतरण्याची एकूण उंची तीच. म्हणून बेरीज जमते. पट्टीने मोजलेल्या लांबीत ही उंची दडलेली होती; भागाकार करून उलटे केल्यावाचून ती दिसत नव्हती.

१९३९ मध्ये जर्मनीच्या ग्रोट्रियान यांनी किरीटाच्या दोन तांबड्या रेषा अशा उलट्या करून पाहिल्या. स्वीडनच्या बेंग्ट एडलेन यांनी प्रयोगशाळेत ठिणग्यांतून लोखंडाच्या अणूंचे इलेक्ट्रॉन ओरबाडून काढून त्यांच्या पायऱ्यांची उंची मोजून ठेवली होती. दोन उंच्या जुळल्या. मग एडलेन यांनी तोच हिशेब पुढे चालवला आणि दोन-तीन वर्षांत हिरव्या रेषेचाही पत्ता काढला. ५,३०३ ची कंपनसंख्या सुमारे ५६५ लक्ष कोटी. आणि एवढ्याच उंचीची पायरी आहे लोखंडाच्या अशा अणूत, की ज्याचे २६ पैकी १३ इलेक्ट्रॉन निघून गेले आहेत.

म्हणजे पुन्हा लोखंडच! १८६९ मध्ये चुकीच्या आकड्यावरून लोखंड म्हटले गेले. १८९८ मध्ये बरोबर आकड्याने लोखंड नाकारले. आणि शेवटी त्याच बरोबर आकड्याने लोखंड परत आणले. पहिल्यांचे उत्तर बरोबर होते असे यावरून कोणी म्हणू नये. परीक्षेत उत्तर जुळले पण रीत चुकली, अशा मुलाला मास्तर जेवढे गुण देतात तेवढेच त्यांना. लोखंडाचे अर्धे इलेक्ट्रॉन हिसकावून घ्यावयाचे तर उष्णता दहा लाख अंशांच्या वर पाहिजे; सूर्याचा पृष्ठभाग सहा हजार अंशांच्याही आत. चुलीपेक्षा चुलीवरची हवा शंभर-दोनशे पट तापलेली! किरीट एवढा का तापतो याचा पुरता निकाल आजही लागलेला नाही. गिरडच्या टेकडीचा काळा खडक ज्या लोखंडामुळे जड आणि काळपट झाला, तेच लोखंड त्या दुपारी पुलगाववरच्या आकाशात हिरवे चमकत होते आणि त्याला कोणी ओळखले नाही.

एकच आकडा जमवून ती मंडळी गप्प बसली नव्हती. सूर्य स्वतःभोवती फिरतो. त्याची एक कड आपल्याकडे येते, दुसरी दूर जाते. येणाऱ्या कडेच्या लाटा दाटतात, जाणाऱ्या कडेच्या विरळ होतात; जवळ येणाऱ्या इंजिनाची शिटी तीक्ष्ण ऐकू यावी तसे. किरीटही असाच फिरतो का, हे कॅम्पबेल यांना जेऊरला मोजावयाचे होते. सूर्याच्या विषुववृत्ताचा वेग सेकंदाला सुमारे दोन किलोमीटर; त्याने हिरव्या रेषेची लांबी दोन कडांवर मिळून एका आँगस्ट्रॉमच्या चौदाव्या भागाएवढी वेगळी व्हावी. दोन मिनिटांत, अंधूक प्रकाशात, खेड्यातल्या माळावर हे मोजू पाहणे म्हणजे साहसच. तळणीला ॲनी माँडर यांनी एका लहानशा भिंगाने किरीटाचा एक किरण सूर्याच्या त्रिज्येच्या कित्येक पट लांबवर गेलेला टिपला. मोठमोठ्या दुर्बिणींना तो मिळाला नव्हता. तेथेच एव्हर्शेड यांच्या काचांवर, हायड्रोजनच्या रेषा दाटत दाटत जेथे संपतात त्या ३,६४६ च्या पलीकडे, सलग प्रकाशाचा पट्टा उमटला. रेषांच्या पायऱ्या संपल्यावर पुढे उतार लागतो, हे बोरच्या आधी पंधरा वर्षे वर्धेच्या काठी फोटोत आले होते.

कंपने प्रत्यक्ष मोजणारे घड्याळ यावयास मात्र १९७२ उजाडावे लागले. अमेरिकेत बोल्डर येथे एका लेसरच्या अदृश्य प्रकाशाची कंपनसंख्या आणि तरंगलांबी दोन्ही स्वतंत्रपणे मोजली गेली आणि त्यांच्या गुणाकाराने प्रकाशाचा वेग पूर्वी कधी नव्हता इतका नेमका मिळाला. १९८३ मध्ये तर हा वेग सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर असा ठरवूनच टाकला आणि मीटरचीच व्याख्या त्यावरून केली. ज्या पट्टीने आँगस्ट्रॉम लाट मोजत होता, ती पट्टीच आता घड्याळावरून आखतात.

नायगमवालांचे सांगावयाचे राहिले. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून पुण्याला सायन्स कॉलेजात उभारलेली महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा त्यांच्याकडे होती. तीत वीस इंची आरशाची दुर्बीण होती. जेऊरला त्यांनी ग्रहणाच्या क्षणिक वर्णपटाचे फोटो घेतले आणि १९०२ मध्ये त्यांचा सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. १९१२ साली ते निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या जागी कोणी आले नाही. वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण पेट्यांत भरून दक्षिणेस कोडाईकनालच्या सरकारी वेधशाळेत पाठवण्यात आली. तेथे त्या वेळी संचालक होते तळणीचे ते एव्हर्शेड. १९०७ मध्ये ते कोडाईकनालला आले होते. आणि १९०९ च्या जानेवारीत सूर्यावरील डागांच्या रेषा दोन बाजूंना उलटसुलट सरकलेल्या पाहून, डागांतून वायू बाहेरच्या दिशेने वाहतो हे त्यांनी रेषांच्या लांबीवरूनच ओळखले होते.